‘गप्पा’ बंद होती ते दिवस

मिलिंद,

तुझी मेलिंग लिस्ट, ‘गप्पा’, आता पुन्हा नीट चालू झाली. सकाळपासून चार-पाच मेल आले आणि सगळ्यांना पोचले. मी सर्व्हरचा लॉग पाहिला, मग माझ्या स्वतःच्या मेलमध्ये पाहिलं. दोन्हीकडे ठीक होतं. तुला सांगावं म्हणून सवयीनं वळले आणि तुझ्या टेबलावर टिचकी मारायला हात उचलला. तुला हाक मारायची तीच रीत होती. टेबल हललं की तू वर बघायचास. आता त्या टेबलावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेत. मी हात खाली घेतला.

कॉलेजात शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. ‘अपंगत्वावर मात’ म्हणाले, ‘जिद्द’ म्हणाले, ‘कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते’ असंही एक जण म्हणाले. तू समोर बसला असतास, तर त्यांचे ओठ वाचून माझ्याकडे वळून मोठ्यानं विचारलं असतंस, “कोण मेलं बे?”

तुझा तो ‘बे’! नवव्या वर्षी मेंदूज्वरानं तुझे कान गेले, पण बोलणं राहिलं. नऊ वर्षांच्या तलवाड्याच्या पोराचं बोलणं. त्यानंतर तू दुसरं कुणाचं काही ऐकलंच नाहीस, त्यामुळे ते कधी बदललं नाही. बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत शिकलास, बी.एस्सी. झालास, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलास, अंबाजोगाईला कॉलेजच्या लॅबचा इनचार्ज झालास, आणि प्रिन्सिपलसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालास, “सर, यूपीएस कावून मिळंना बे?” ते आधी चिडले आणि मग त्यांना हसू आवरेना. चौसाळ्याला आमच्या पाइपांच्या दुकानात आलास, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या माझ्या वडिलांना म्हणालास, “काय चाललंय बे?” आमच्या घरात पाहुण्याला अहो-जाहो केल्याशिवाय पाणीसुद्धा देत नाहीत. वडील म्हणाले, “चाल्लंय की बे. बस.” आयुष्यात त्यांनी तो शब्द तेवढ्या एकदाच वापरला असेल.

आपल्या दोघांबद्दल स्टाफरूममध्ये काय काय बोललं जायचं, ते मी तुला एकदा लिहून दाखवलं होतं. तू वाचलंस आणि म्हणालास, “मला तर बाबा ऐकूच येत न्हाई.” मी हसले. तूही हसलास. पुढं काही तरी म्हणशील असं मला वाटलं होतं. तुलाही बहुतेक माझ्याबद्दल तसंच वाटलं असेल. ते राहिलं. आता त्यावर लिहिण्यात अर्थ नाही.

तुझ्या मेलिंग लिस्टबद्दल मात्र मला लिहायचंय. तुला गेल्या काही दिवसांत काय घडलं ते माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना मी समजावून सांगू शकत नाही.

तेव्हा गावात एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाले होते. जो तो म्हणायचा, जग जवळ आलं. तू बूथसमोरून जाताना काचेत बोलणाऱ्या माणसांकडे बघायचास आणि म्हणायचास, “हे जग माह्यासाठी हाय त्याच्यापेक्षा लांब गेलं.” मग कॉलेजात इंटरनेट आलं. टेलिफोनच्या तारेवरून, किरकिरत. तू लॅबमधल्या एका जुन्या मशीनचा मेल सर्व्हर केलास, त्यावर मेलिंग लिस्ट चालवणारा फुकटचा प्रोग्राम बसवलास. एकानं मेल पाठवायचा, प्रोग्रामनं तो सगळ्यांना वाटायचा, इतकंच. तुझ्या शाळेतले जुने सोबती शोधून काढलेस. कुणी डीटीपी करत होतं, कुणी प्रेसमध्ये होतं, कुणी सायबर कॅफेत जाऊन तासावर बसायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. फोन लागला की साठलेले मेल खाली यायचे आणि इथले वर जायचे.

पहिल्या दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘कोण कोण आहे?’ तासाभरात उत्तरं यायला लागली. मी आहे. मी पण. मी परळीचा. मी गेवराईची, ओळखलं का? तू इतक्या मोठ्यानं हसलास की शेजारच्या वर्गातलं लेक्चर थांबलं. मग मला म्हणालास, “फोन वाजतो तो आवाज मला आठवतो बे. गावात पाटलाच्या घरी व्हता. आज माह्या घरी वाजला.”

त्याच महिन्यापासून आपलं भांडण सुरू झालं. लिस्टवर कुणीतरी शाळेतल्या एका मुलीबद्दल वाईट लिहिलं होतं. मी म्हणाले, मेल आधी आपण वाचू, मग सोडू. प्रोग्राममध्ये ती सोय आहे. तू एका शब्दात नाही म्हणालास. मी कागदावर कारणं लिहिली. तू कागद वाचून बाजूला ठेवलास.

“शाळंत आमी घरी पत्र लिवायचो, ते आदी गुरुजी वाचायचे. मंग पोस्टात पडायचं. घरून आलेलं पण आदी त्येच वाचायचे. इथं मी गुरुजी व्हणार न्हाई.”

“पण चुकीचं काही गेलं तर?”

“तर दुसरा कोणी लिवल की, चुकीचं हाय म्हणून. मोठी माणसं हायेत. तू कावून भेतीस?”

हे भांडण आपण वर्षानुवर्षं केलं. चहाला केलं, परीक्षेच्या ड्यूटीवर केलं. ऐकणाऱ्यांना त्यात काही गंमत वाटली नसती, पण मला त्या भांडणाची सवय लागली होती. तुझ्यामुळे मला आणखी एक सवय लागली. बोलताना समोरच्याकडे तोंड करून, सावकाश बोलायची. वर्गातली पोरं म्हणतात, मॅडम आमच्याकडे बघून शिकवतात. त्यांना कुठं माहीत, हे कुणाकडून आलं.

तुला ताप आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. डोळे पिवळे झाले. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या शहरात न्या. जीपमध्ये बसताना तू मला म्हणालास, “आल्यावर भांडू.” जीप वळेपर्यंत तू मागच्या काचेतून बघत होतास.

त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांच्याकडे तुझ्यासारखा पेशंट आधी आला नव्हता. मी पोचले तोवर तुला आतल्या वॉर्डात नेलं होतं. तिथं सगळ्यांच्या तोंडाला मास्क. डॉक्टर, नर्स, सफाईवाले, सगळे. मिलिंद, तुझ्या भोवती दिवसभर माणसं बोलत होती आणि तुला एकही ओठ दिसत नव्हता.

तुझ्या आईंना बाहेर ठेवलं होतं. त्या रडतात, पेशंटला त्रास होतो, म्हणाले. मी नर्सला सांगितलं, त्यांचेच ओठ त्याला सगळ्यांत चांगले कळतात, लहानपणापासून. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “अहो मॅडम, सगळेच असं म्हणतात.” मग मी मोठ्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी मला आत जायची परवानगी दिली, लिहून विचारायला. आईंना नाही. एकच माणूस, म्हणाले.

मी वही घेऊन आत आले. तुझी नजर अक्षरांवर ठरत नव्हती. मी अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी. तू डोळे मिटून घेतलेस. मी मास्क खाली ओढला आणि बोलले. तू माझ्या ओठांकडे पाहिलंस खरं, पण माझे ओठ तुला एरवीही अर्धेच कळायचे, उरलेलं आपण कागदावर भागवायचो. मग नर्स ओरडली.

घशात नळी होती, त्यामुळे तुझा आवाजही गेला होता. आणि तुझे हात पलंगाच्या दांड्यांना बांधले होते. नळ्या ओढतो म्हणून. शाळेत खुणा करू नयेत म्हणून तुम्हाला हातांवर बसवायचे, ते तू एकदाच सांगितलं होतंस, हसत हसत. मी नर्सचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. शेवटी तिनं एक हात सोडला. मी बसलेय तोवरच, म्हणाली.

तो हात तू छातीकडे नेलास. मग हनुवटीपाशी. मग तळवा उघडून दाराच्या दिशेनं हलवलास. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मला तुझ्याकडून शिकलेल्या थोड्या खुणा यायच्या, चहा, उद्या, काम, पैसे, वेडी. ही खूण त्यांतली नव्हती. मी मान हलवून ‘नाही समजलं’ म्हणाले. तू पुन्हा केलंस, आधीपेक्षा हळू, जसं लहान मुलाला सांगतात तसं. मग चिडलास. मग हात पलंगावर टाकून भिंतीकडे तोंड केलंस.

दवाखान्यासमोर सायबर कॅफे होता. मी तिथून ‘गप्पा’वर मेल टाकला. मिलिंद इथल्या दवाखान्यात आहे, खूप आजारी आहे, त्याला काही सांगायचंय, मला समजत नाही, या शहरात आपलं कुणी असेल तर लगेच या. वॉर्ड लिहिला, गेट लिहिलं. मग गेटपाशी येऊन उभी राहिले. आईंना माझ्या शेजारी पायरीवर बसवलं.

“कोण येणाराय?” आईंनी विचारलं.

“त्याचे दोस्त.”

“दोस्त हायेत त्येला?”

“लई आहेत, आई.”

त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल आलं. त्या पदर सारखा करून बसल्या. येणाऱ्या प्रत्येक तरुण माणसाकडे बघायला लागल्या. रिक्षातून कुणी उतरलं की माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायची. दुसऱ्या दिवशीही आम्ही तसंच केलं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “न्हाई आलं कोणी.” मला दोष देत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या.

मी मनातल्या मनात तुझ्या त्या सगळ्या सोबत्यांना शिव्या दिल्या. वर्षानुवर्षं ज्याच्या जिवावर बोलत होते, त्याच्यासाठी एकाला यायला जमलं नाही? कॅफेत जाऊन पाहिलं, तर साधं उत्तरसुद्धा नव्हतं. तुझ्यावरही चिडले. म्हटलं, हीच का तुझी मोठी माणसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

तलवाड्याला आले मी. सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत होते. भन्तेजी बोलले, वस्तीतल्या बायकांनी आईंना धरून ठेवलं होतं. आई रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, “मी आत गेले असते तर येक डाव तरी बगितलं असतं त्येनं माह्याकडं.” मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

अंबाजोगाईला परत आले आणि लिस्टवर तू गेल्याचा मेल टाकला. रागातच टाकला, दोन ओळींचा. लिस्टवर मीही आहे, म्हणजे तो मेल फिरून मलाही यायला हवा होता. आला नाही. दुपारपर्यंत आला नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की बिघाड असेल. आणि लगेच दुसरं आलं. मग तो मेल? दवाखान्यातून टाकलेला?

मी तुझ्या खुर्चीत बसले. आजवर हे काम तू करायचास आणि मी शेजारी बसून चुका काढायचे. सर्व्हर चालू होता. फोन लागत होता. लॉग उघडला आणि त्या आठवड्यातल्या तारखा शोधल्या. एकही नोंद नाही. म्हणजे मेल इथपर्यंत पोचलेच नाहीत, असं वाटून मला थोडं हायसं वाटलं. चूक दुसऱ्या कुणाची तरी आहे. मग फाइलच्या अगदी तळाशी गेले. तिथं नोंदी होत्या. भरपूर होत्या. पण सगळ्यांवर जानेवारीच्या तारखा.

मशीनला तारीख विचारली. ते कितीतरी वर्षांपूर्वीचा जानेवारी सांगत होतं.

तेव्हा मला कळलं, लाइट जाऊन आली की तू सगळ्यांत आधी कीबोर्डवर काय टाइप करायचास. मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा सेल संपला होता. लाइट गेली की मशीन तारीख विसरायचं, आणि तू ती दर वेळी हातानं घालायचास. नव्या सेलसाठी तू अर्ज दिला होतास, तो ऑफिसात कुठल्यातरी फाइलीत असेल. तू दवाखान्यात गेल्यावर लोडशेडिंगमध्ये यूपीएस उतरला. लाइट आली, मशीन आपलं आपण सुरू झालं, आणि तारीख घालायला कुणी नव्हतं.

पण नुसती तारीख चुकल्यानं मेल अडत नाहीत. लॉग तर म्हणत होता, मेल आला, लिस्टच्या प्रोग्रामकडे दिला, काम झालं. सर्व्हरच्या बाजूनं सगळं पोचलं होतं. मी लिस्टच्या प्रोग्रामचं फोल्डर उघडलं. तिथं मेलची रास पडलेली. एकही पुढं गेलेला नाही. आणि शेजारी एक छोटी फाइल.

तू मला कधीतरी समजावलं होतंस. प्रोग्राम काम करायला घेतो तेव्हा अशी छोटी फाइल करून आतून कडी लावतो, म्हणजे त्याच कामात दुसरा घुसू नये. त्या कडीवर मुदतही लिहितो, अमुक वेळेपर्यंत मी बाहेर आलो नाही तर कडी काढून टाका. लाइट गेली तेव्हा तो आत होता. कडी तशीच राहिली. मुदत त्याच संध्याकाळची होती, पण मशीनच्या हिशेबानं ती संध्याकाळ यायला अजून कितीतरी वर्षं होती. म्हणून प्रोग्राम दर मिनिटाला यायचा, कडी बघायचा, मुदत बघायचा आणि परत जायचा. शांतपणे. कुठं बिघाडाचा संदेश नाही, कुणाला मेल परत नाही. तू दवाखान्यात होतास तेव्हा. मी गेटपाशी उभी होते तेव्हा.

म्हणजे कुणाला काही कळलंच नव्हतं. मी ज्यांना शिव्या दिल्या ते सगळे आपापल्या गावी, आज ‘गप्पा’वर कुणी का बोलत नाही म्हणून वाट बघत बसले होते.

मी तारीख घातली. कडी काढली. पुढं जे झालं ते नीट सांगते, कारण त्यात आपलं भांडण आहे.

रास चालू होण्याआधी मला एकेक मेल उघडून बघता आला असता. दवाखान्यातून टाकलेला माझा मेल आता जायला नको म्हणून तो बाजूला काढता आला असता. माझा हात तिथंच थांबला होता. पण त्या राशीत सगळ्यांची बोलणी होती, आणि कोणता मेल कुणाचा ते उघडल्याशिवाय कळत नव्हतं. ती उघडायची म्हटलं आणि तू समोर आलास. ‘इथं मी गुरुजी व्हणार न्हाई.’ तू जाऊन चार दिवस झाले नव्हते. तुझ्या खुर्चीत बसून मी तुझ्याच दाराशी पहारा बसवणार होते? मी काही उघडलं नाही. सगळी रास सोडली. म्हटलं, मागोमाग तू गेल्याचा मेल जाईलच.

मेल जायला लागले. आधी जुने, मग दवाखान्यातला. आणि लाइन गेली. फोन बंद. एक्स्चेंजमध्ये विचारलं तर म्हणाले, केबल तुटलीय, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी दुपारी लाइन आली. तू गेल्याचा मेल तेव्हा बाहेर पडला, आणि त्याच फेरीत जावेदचा मेल आत आला.

जावेद. तुझ्या शाळेतला, तुझ्याहून धाकटा, त्या शहरात डीटीपी करणारा. त्यानं लिहिलं होतं:

‘उमाताईचा मेल पाहिला. काम टाकून पळत गेलो. दवाखाना माझ्या दुकानापासून जवळ. कागदावर मिलिंदचं नाव लिहून दिलं. बाईनं रजिस्टर पाहिलं. कागदावर लिहिलं, गेला. मिलिंद बरा झाला. घरी गेला. मला खूप आनंद. सगळ्यांनी आनंद करा.’

मी तो वाचून होईपर्यंत प्रोग्रामनं तो सगळ्यांना वाटलासुद्धा. तू बसवलेला प्रोग्राम. कुणाचंही न तपासणारा.

लोकांना आधी माझा मेल मिळाला, तू गेल्याचा. त्याच्या मागून जावेदचा, तू घरी गेल्याचा. त्यांनी कुणावर विश्वास ठेवला असेल, तूच सांग. ‘उमाताई, तुमचा मेल चुकीचा ना?’ ‘जावेद स्वतः गेला होता, त्याला माहीत.’ गेवराईच्या सुनंदानं लिहिलं, ‘ऐकणाऱ्या लोकांना नेहमी अर्धंच कळतं. आम्ही घाबरलो होतो. मिलिंदला सांगा, लवकर लिही.’ कुणीतरी तुझ्यासाठी विनोद पाठवला. तुझ्या आवडीचा, तो लंगड्या कंडक्टरचा.

संध्याकाळपर्यंत ‘गप्पा’वर सगळे खूश होते. मी तुझ्या खुर्चीत बसून ते एकेक वाचलं. मग मला पुन्हा लिहावं लागलं. मी लिहिलं, ‘मी तलवाड्याला होते. मी डोळ्यांनी पाहिलं. मिलिंद मेला.’ ‘गेला’ लिहायची सोय राहिली नव्हती. ‘वारला’, ‘निधन’ यांतलं त्यांना काय कळेल, काय नाही, याची खात्री नव्हती. ‘मेला’ असंच लिहिलं. तुझ्याबद्दल मी हा शब्द लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं.

भांडण मी जिंकले, मिलिंद. तपासून सोडायला हवं होतं. मी म्हणत होते तेच बरोबर होतं. तू येऊन एकदा म्हण, ‘न्हाई, तूच चुकलीस बे.’ मी लगेच मान्य करीन. हवं ते मान्य करीन.

त्या आठवड्यात जावेद एसटीनं इथं आला. बारीक चेहरा, डोळे सुजलेले. तुझ्या टेबलाशेजारी उभा राहिला, बसला नाही. खिशातून कागद काढून लिहिलं, ‘आमच्या खुणेत जाणं वेगळं. मरणं वेगळं. तुमचा शब्द एकच कशाला?’ मी त्याला पाणी दिलं. त्यानं घेतलं नाही. पुन्हा लिहिलं, ‘त्याला काय सांगायचं होतं? करून दाखवा.’

मी करून दाखवलं. छातीकडे. हनुवटीपाशी. मग तळवा, दाराच्या दिशेनं. त्यानं ‘पुन्हा’ अशी खूण केली. मी पुन्हा केलं. तो माझ्या हातांकडे असा बघत होता की मला माझ्याच बोटांचा भरवसा वाटेना. त्यानं माझा हात धरून थोडा वळवला, सोडला, मान हलवली, पुन्हा करायला लावलं. मग लिहायला बसला.

‘पहिल्या दोन खुणा, माझी आई. हे नक्की. पुढचं दोन्ही होऊ शकतं. तळवा स्वतःकडे असेल तर, आईला बोलवा. तळवा बाहेर असेल तर, आईला घरी पाठवा. तळवा कुठं होता?’

मिलिंद, मला आठवत नाही.

मी डोळे मिटून तो वॉर्ड आठवला. पिवळी भिंत आठवली, नळी आठवली, मनगटावरची पट्टीची खूण आठवली. तुझा हात हलताना दिसतो. तळवा दिसत नाही. कधी आत वाटतो, कधी बाहेर. जावेद वाट बघत उभा होता. मी मान हलवली. त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून निघून गेला. मला वेळेवर मेल मिळाला असता तर मी ती खूण वाचली असती, असं त्यानं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

काल पुण्यानुमोदनाला तलवाड्याला गेले होते. सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, आई माझ्यापाशी येऊन बसल्या. मी घरून ठरवून निघाले होते की काही बोलायचं नाही. बोलवत होता म्हणावं, तर त्या दाराबाहेरच होत्या. घरी पाठवत होता म्हणावं, तर ते ऐकून त्या आयुष्यभर काय करतील? पण त्यांनी सरळच विचारलं.

“उमा, तू आत व्हतीस. काय म्हनला का गं त्यो?”

मला खोटं सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. खूण करून दाखवली, दोन्ही तऱ्हेनं. जावेदनं सांगितलेले दोन्ही अर्थ सांगितले.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःचा हात उचलला, तळवा आत वळवला, बाहेर वळवला. दोनतीनदा. जणू त्यांतला कोणता तुझा हे त्यांना ओळखू येणार होतं.

“आईचंच म्हनला ना पर? दोन्हीत?”

“हो. दोन्हीत.”

त्यांनी हात मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता त्यांना रडू येईल, बरं होईल.

“मंग मी आत कावून न्हाई गेले?” त्या म्हणाल्या. “कोण मारनार व्हतं मला?”